आरोग्याच्या नोंदी आणि अंकीय सार्वभौमत्व : एका मुक्त-स्रोत आज्ञावलीच्या इतिहासावरून काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही राज्यसंस्थेला आपल्या लोकांच्या आरोग्याविषयी किती आणि कशा प्रकारचे ज्ञान आहे, हे तिच्या नोंदवह्यांवरून ठरते. उपकेंद्रातील परिचारिका महिन्याच्या अखेरीस जो अहवाल भरते त्यात किती बाळंतपणे झाली, किती बालकांना गोवराची लस टोचली, क्षयाचे किती रुग्ण उपचारास आले, हे आकडे असतात. ते तालुक्यातून जिल्ह्यास व जिल्ह्यातून राजधानीस पोचतात आणि त्यांच्या आधारे लस, औषधे, मनुष्यबळ व पैसा यांची वाटणी होते. ही नोंदवही जोवर कागदाची होती तोवर तिच्या मालकीचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. वहीत एक रकाना वाढवावयाचा असेल तर पट्टी आणि पेन्सिल पुरेशी असे. नोंदवही संगणकात गेली, आणि रकाना वाढविण्याचा अधिकार आज्ञावलीची मूळ संहिता ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे गेला.

येथून 'अंकीय सार्वभौमत्वा'चा प्रश्न सुरू होतो. इंग्रजी वळणाने ज्याला 'डिजिटल सार्वभौमत्व' म्हणतात तीच ही कल्पना होय. तिचा अर्थ पुष्कळदा दोन तऱ्हांनी संकुचित केला जातो. माहितीचा साठा देशाच्या सीमेत ठेवला म्हणजे सार्वभौमत्व साधले, असे काहींना वाटते. तर मुक्त-स्रोत आज्ञावली स्वीकारली की ते आपोआप हाती येते, अशी दुसऱ्या काहींची समजूत असते. या दोन्ही समजुतींत तथ्य असले तरी त्या अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी अनेक उदाहरणांची जंत्री न देता एकाच आज्ञावलीचा सुमारे तीस वर्षांचा इतिहास आपण पाहू. ती आज्ञावली म्हणजे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली 'डिस्ट्रिक्ट हेल्थ इन्फर्मेशन सॉफ्टवेअर', अर्थात डीएचआयएस. आज तिची दुसरी पिढी सत्तरांहून अधिक देशांत वापरली जाते.

२. 'मुक्त' या शब्दाचा अर्थ

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे अवश्य आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली व त्यातून मुक्त आज्ञावलीची कल्पना पुढे आली. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिची संहिता अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये तिच्या मुळाशी आहेत. इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द मोफत आणि मुक्त अशा दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीस दोन निराळे शब्द उपलब्ध असल्याने तो होण्याचे कारण नाही. 'मुक्त-स्रोत' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली आणि तिचा भर नैतिक हक्कापेक्षा विकसनाच्या पद्धतीवर अधिक आहे.

परवान्यांचेही दोन मुख्य वर्ग आहेत. 'जीपीएल' वर्गातील परवाना असे बंधन घालतो की, सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्यावयाची झाल्यास तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागेल. 'बीएसडी' वर्गातील परवान्यात हे बंधन नाही; कोणीही संहिता घेऊन तिच्यातून बंदिस्त उत्पादन तयार करू शकतो. डीएचआयएस-२ या दुसऱ्या वर्गातील परवान्याखाली प्रसिद्ध होते. सरकारी निविदा तयार करणाऱ्यास हा भेद ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. कारण मुक्त संहितेवर आधारलेली, परंतु स्वतः बंदिस्त असलेली प्रणाली विकत घेऊन 'आम्ही मुक्त-स्रोत स्वीकारले' असे समाधान मानणे या परवान्याखाली सहज शक्य आहे.

३. काय मोजावे, हे कोणी ठरवावे?

१९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीचा अंत झाला तेव्हा त्या देशात एक नव्हे, तर चौदा आरोग्य खाती होती. दहा 'बांटुस्थानां'ची आपापली, गोरे, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाचे यांची स्वतंत्र, व शिवाय एक सर्वसाधारण, अशी ही रचना होती. प्रत्येकाचे नोंदीचे नमुने वेगळे, व्याख्या वेगळ्या. एका खात्याची आकडेवारी दुसऱ्याच्या आकडेवारीशी जोडता येत नसे, आणि म्हणून कोणत्या वस्तीला किती सेवा मिळते याची तुलनाच करता येत नसे. विषमता झाकण्याचे काम नोंदींची ही विस्कळित रचनाच करीत होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नव्या शासनाने जिल्हा हा आरोग्यव्यवस्थेचा पाया मानण्याचे ठरविले. केप टाउन परिसरातील विद्यापीठे आणि नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'हिस्प' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा प्रकल्प याच सुमारास सुरू झाला. ऑस्लो विद्यापीठामागे एक विशिष्ट परंपरा उभी होती. 'सिम्युला' या संगणकभाषेचे सहनिर्माते क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून असा सिद्धांत मांडला होता की, ज्यांच्या कामावर यंत्रणेचा परिणाम होणार, त्यांचा तिच्या घडणीत वाटा असला पाहिजे. योर्न ब्रा, काल हेडबर्ग आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकी सहकारी यांनी हा विचार कारखान्यातून दवाखान्यात आणला.

त्यांचे पहिले काम संगणकाचे नव्हतेच. प्रत्येक स्तरावरील कर्मचाऱ्यांशी चर्चा करून किमान आवश्यक नोंदींची यादी निश्चित करणे हे ते काम होते. यासाठी त्यांनी जे तत्त्व अवलंबिले ते अभ्यासकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. वरच्या स्तराने मागितलेल्या नोंदी खालच्या स्तराने दिल्याच पाहिजेत. परंतु तेवढे केल्यावर खालच्या स्तरास स्वतःच्या गरजेच्या आणखी नोंदी ठेवण्याची पूर्ण मोकळीक असावी. राष्ट्राचे मानक प्रांताला बांधील करते, प्रांताचे जिल्ह्याला. पण कोणताही स्तर आपल्याखालच्या स्तराची जिज्ञासा बंद करू शकत नाही.

आज्ञावलीची रचना या तत्त्वातूनच निघाली. तिच्यात प्रत्येक आकड्याला तीन परिमाणे असतात : काय मोजले, कोठे मोजले आणि कोणत्या कालावधीत मोजले. उदाहरणार्थ, 'गोवराची पहिली मात्रा', 'अमुक दवाखाना', 'मार्च महिना'. यांपैकी 'काय' आणि 'कोठे' यांच्या याद्या संहितेत कोरलेल्या नसून त्या स्वतःच माहिती म्हणून साठविलेल्या असतात. त्यामुळे नवा रकाना हवा असल्यास कार्यक्रमलेखकाकडे धाव घ्यावी लागत नाही. प्रशिक्षित जिल्हा अधिकारी तो पडद्यावर बसून तयार करू शकतो. ज्या प्रणालींत प्रत्येक बदलासाठी पुरवठादाराकडे स्वतंत्र मागणी नोंदवून तिचे मूल्य मोजावे लागते, त्यांच्याशी तुलना केल्यास या साध्या भासणाऱ्या योजनेचे महत्त्व पटेल. १९९९ पासून या आज्ञावलीस दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय मान्यता मिळू लागली आणि २००१ च्या सुमारास ती नऊही प्रांतांत पोचली. सार्वभौमत्वाचा पहिला थर हा असा : काय मोजावे हे ठरविण्याचा आणि तो निर्णय स्वतःच अमलात आणण्याचा अधिकार.

४. पायाखालची जमीन

तथापि या पहिल्या आवृत्तीत एक अंतर्विरोध होता. ती स्वतः मोफत व खुली असली तरी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या खासगी मालकीच्या उत्पादनावर उभी होती. घर आपले, पण जमीन दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. ॲक्सेसची आवृत्ती बदलली की घराच्या भिंतींना तडे जाण्याची भीती असे, आणि प्रत्येक संगणकासाठी मूळ कंपनीचा परवाना घ्यावा लागे.

२००४ मध्ये ऑस्लो येथे दुसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले ते हा पाया बदलण्यासाठीच. जावा भाषेत लिहिलेली, मुक्त माहितीकोशांवर आणि लायनक्सवर चालू शकणारी, जाळ्यावरून वापरता येणारी अशी ही नवी रचना होती. तिची पहिली प्रत्यक्ष स्थापना २००६ च्या आरंभी केरळात झाली, ही गोष्ट भारतीय वाचकांस विशेष वाटेल. 'हिस्प'चे भारतातील काम त्यापूर्वीच, २००० मध्ये, आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे सुरू झाले होते. परंतु केरळ शासनाचा मुक्त आज्ञावलीविषयीचा आग्रह नव्या आवृत्तीस अनुकूल ठरला. सुरुवातीचा अनुभव सोपा नव्हता. आज्ञावली अपक्व होती. ती लिहिणारे ऑस्लोत आणि वापरणारे केरळातील आरोग्यकेंद्रांत, अशी स्थिती होती. तरीही राज्याच्या धोरणामुळे तांत्रिक निवडीस वळण मिळाल्याचे हे चांगले उदाहरण आहे. पुढे मार्च २०१५ मध्ये केंद्र शासनानेही मुक्त-स्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण अधिसूचित केले.

५. सर्व्हर कोणाच्या ताब्यात?

संहिता मुक्त, पायाही मुक्त. मग उरले काय? उरला तो साठा. २०११ मध्ये केनियाने डीएचआयएस-२ देशभर एका मध्यवर्ती सर्व्हरवर चालविण्यास प्रारंभ केला. जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र प्रती बसविण्याऐवजी भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून सर्वांनी एकाच प्रणालीत नोंद करावी, अशी योजना होती. मंत्रालयातील वीज आणि जोडणी भरवशाची नसल्याने आरंभी हा सर्व्हर परदेशातील भाडोत्री यंत्रावर ठेवावा लागला. माहितीचा साठा देशाबाहेर गेला, याबद्दल तेथे रास्त शंका उपस्थित झाल्या. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या भाडोत्री यंत्रामुळेच जिल्ह्यातील अधिकाऱ्यास स्वतःच्या जिल्ह्याची आकडेवारी त्याच दिवशी पाहता येऊ लागली. देशाच्या सीमेत असलेला पण बंद पडलेला सर्व्हर आणि सीमेबाहेर असलेला पण चालू सर्व्हर, यांपैकी कोणता अधिक सार्वभौम, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. भाड्याचा करार कोणाच्या नावे आहे, प्रती कोठे ठेवल्या जातात, आणि गरज पडल्यास साठा दुसरीकडे हलविण्याचे कौशल्य कोणापाशी आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहते.

हा मुद्दा २०२५ च्या घटनांनी अधिक तीव्रतेने पुढे आणला. एड्सच्या निर्मूलनासाठी अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'पेपफार' या साहाय्य कार्यक्रमाची आकडेवारी 'डेटिम' नावाच्या प्रणालीत जमा होत असे, आणि ती प्रणालीही डीएचआयएस-२ वरच उभारलेली होती. २० जानेवारी २०२५ रोजी परकीय साहाय्यास स्थगिती देणारा आदेश निघाला व त्या महिन्याच्या अखेरीस या कार्यक्रमाच्या संगणकप्रणाल्या बंद करण्यात आल्या. येथे संहिता पूर्णपणे मुक्त होती. ती उद्याही कोणास उतरवून घेता आली असती. परंतु तीत साठलेल्या नोंदी, वापरकर्त्यांची खाती आणि प्रणाली चालविणारी माणसे एका परकीय शासनाच्या निर्णयाखाली होती. ज्या देशांनी त्याच आकड्यांची नोंद स्वतःच्या राष्ट्रीय प्रणालीत ठेवली होती त्यांचे काम चालू राहू शकले. ज्यांनी दात्याच्या प्रणालीवर विसंबून आपली नोंद कृश ठेवली होती त्यांच्या हातून धागाच सुटण्याचा प्रसंग आला.

याची झळ आपल्या संशोधकांनाही लागली. १९८४ पासून चालत आलेला लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी साहाय्य थांबल्याने खंडित झाला आणि आकडेवारीसाठी येणाऱ्या नव्या विनंत्यांना उत्तर मिळेनासे झाले. पुढे गेट्स प्रतिष्ठानाच्या साहाय्याने त्यास काही काळापुरता आधार मिळाला. १९९२-९३ पासून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या मूळ फायली आपले पुष्कळ विद्यार्थी याच कार्यक्रमाच्या भांडारातून घेत आले आहेत. देवनारच्या संस्थेने गोळा केलेल्या नोंदींसाठी मुंबई-पुण्याच्या संशोधकास परदेशी भांडाराच्या दारात उभे राहावे लागावे, आणि ते दार अशा कारणाने बंद व्हावे की ज्याचा भारताच्या आरोग्याशी काहीही संबंध नाही, यातील विसंगती निराळी सांगण्याची आवश्यकता नाही.

६. माणसांचे सामर्थ्य

इतिहासाचा आणखी एक टप्पा उरतो आणि विद्यापीठीय वाचकाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस श्रीलंकेत कोविडचा पहिला रुग्ण आढळला. त्याच दिवसांत त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाने, बाधित प्रदेशांतून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर नोंद करून पुढे त्यांची विचारपूस करता यावी, यासाठी डीएचआयएस-२ मध्ये नवी रचना उभी केली. कोणत्याही पुरवठादाराशी करार करावा लागला नाही, कोणाची परवानगी मागावी लागली नाही. हे काम इतर देशांस उपलब्ध करून देण्यात आले आणि अनेकांनी ते स्वीकारले. त्याच वर्षी नॉर्वेतील नगरपालिकांनीही रुग्णांच्या संपर्कशोधासाठी याच आज्ञावलीचा आधार घेतला. ऑस्लोतून निघालेले साधन कोलंबोत नवे रूप घेऊन ऑस्लोच्या दाराशी परतले.

हे कसे घडले? संहिता मुक्त होती, हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. ती संहिता इतर शेकडो ठिकाणीही उपलब्ध होती. श्रीलंकेत वेगळे होते ते असे की, कोलंबो विद्यापीठाच्या पदव्युत्तर वैद्यक संस्थेने त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे वैद्यकीय माहितीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला होता आणि त्यातून बाहेर पडलेले डॉक्टर शासनाच्या आरोग्य खात्यात काम करीत होते. रोगाची गती समजणारा आणि नोंदीची रचना बदलू शकणारा माणूस एकच होता, व तो मंत्रालयातच बसलेला होता. परवान्याने दिलेली मुभा त्या काही दिवसांत उपयोगी पडली, कारण ती वापरण्याचे शिक्षण दहा वर्षे आधी दिले गेले होते.

७. काही आक्षेप

मुक्त-स्रोताच्या पुरस्कर्त्यांनी पुढील आक्षेपांकडे दुर्लक्ष करू नये. पहिला खर्चाचा. परवान्याचे मूल्य शून्य असले तरी प्रशिक्षण, सर्व्हर, देखभाल व नव्या आवृत्तीकडे स्थलांतर यांचा खर्च राहतोच. तो अंदाजपत्रकात न दाखविल्यास प्रणाली दात्याच्या दयेवर जगते. दुसरा सुरक्षिततेचा. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त घटकात गंभीर दोष आढळला. दोष उघड होताच जगभरच्या संहितालेखकांना तो दुरुस्त करता आला, हा मुक्ततेचा लाभ. पण आपल्या प्रणालीत तो घटक कोठे दडला आहे हे ज्या कार्यालयांना ठाऊकच नव्हते, त्यांना त्या लाभाचा उपयोग झाला नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. डीएचआयएस-२ ची मूळ संहिता आजही मुख्यतः ऑस्लो विद्यापीठात लिहिली जाते आणि तिचा खर्च आंतरराष्ट्रीय दाते पेलतात. संहितेची वेगळी शाखा काढून ती स्वतः सांभाळण्याचा हक्क प्रत्येक देशास असला तरी तो बजावण्याइतके बळ थोड्यांपाशीच आहे. अवलंबित्व नाहीसे झाले असे यावरून म्हणता येणार नाही; मात्र ते सुसह्य झाले, व सोडवून घेण्याची वाट खुली राहिली, एवढे निश्चित म्हणता येईल.

चौथा आक्षेप व्यक्तीच्या हक्कांचा. आरंभीच्या प्रणालीत केवळ बेरजा होत्या. आज प्रत्येक रुग्णाची नावानिशी नोंद होते. अशा वेळी राज्याचे सार्वभौमत्व आणि रुग्णाचा स्वतःच्या माहितीवरील अधिकार यांत संघर्ष उद्भवू शकतो. आरोग्य सेतू या उपयोजनाची अँड्रॉइड आवृत्तीची संहिता मे २०२० मध्ये खुली करण्यात आली. पण त्या वेळी सर्व्हरवरील भाग तीत नव्हता. दूरध्वनीत काय घडते हे नागरिकास वाचता आले, सर्व्हरवर त्याच्या माहितीचे काय होते हे मात्र वाचता आले नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमासारख्या कायद्याची आवश्यकता आहे ती याचसाठी; संहितेचा परवाना हे काम करू शकत नाही.

८. निष्कर्ष

या विवेचनावरून सार्वजनिक आरोग्यातील कोणत्याही संगणकप्रणालीची परीक्षा पाच प्रश्नांनी करता येईल, असे वाटते. (१) नोंदीचा नवा रकाना जिल्हा स्वतः वाढवू शकतो काय? (२) प्रणाली ज्या पायावर उभी आहे तो कोणाच्या मालकीचा आहे? (३) सर्व्हर चालविण्याचा व बंद करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि साठ्याची संपूर्ण प्रत शासनापाशी आहे काय? (४) मूळ पुरवठादार वा दाता उद्या निघून गेला तर काम चालू ठेवतील अशी माणसे कायम सेवेत आहेत काय? (५) ज्याची नोंद झाली त्या रुग्णास आपल्या नोंदीविषयी विचारण्याचा हक्क आहे काय?

मुक्त-स्रोत परवाना पहिल्या दोन प्रश्नांचे समाधानकारक उत्तर देण्यास साहाय्य करतो. तिसऱ्याचे उत्तर प्रशासनाने व पाचव्याचे कायद्याने द्यावयाचे आहे. चौथ्याचे उत्तर मात्र बव्हंशी विद्यापीठांकडे आहे. आपल्याकडे संगणकशास्त्राचा विद्यार्थी आरोग्यकेंद्राची मासिक नोंद कधी पाहत नाही आणि सामुदायिक वैद्यकाचा विद्यार्थी माहितीकोशाची रचना शिकत नाही. या दोन विभागांनी एखाद्या तालुक्याच्या प्रत्यक्ष नोंदींवर संयुक्त प्रबंधकार्य हाती घेतले, तर कोलंबोच्या अनुभवाच्या दिशेने पहिले पाऊल पडेल. त्यासाठी लागणारी संहिता आजही कोणासही विनाअनुमती उतरवून घेता येते. उणीव आहे ती तिच्याबरोबर काही वर्षे बसून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची.